तहकूब ग्रामसभेतला ठराव आणि वाडीचे पाणी

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावठाणापासून दीड-दोन किलोमीटरवर दोन वाड्या असलेल्या एका गावात नळपाणीपुरवठा योजनेच्या टाकीची जागा ठरवण्यासाठी ग्रामसभा बोलावली होती. गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान हजेरी, न झाल्याने ती तहकूब झाली आणि नंतरच्या तहकूब सभेत हजर असलेल्या थोड्या लोकांनी टाकी गावठाणात बांधण्याचा ठराव मंजूर केला. वाडीवरच्या महिलांना ही गोष्ट महिनाभराने कळली. हा ठराव बदलता येतो का, आणि यापुढे गावाच्या नावाने होणारा निर्णय खरोखर सगळ्या गावाचा व्हावा यासाठी काय करावे, असे वाडीवरच्या एका ताईंनी विचारले आहे. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी बहुतेक नोकरी ग्रामपंचायतींची दप्तरे तपासण्यात आणि ग्रामसभांना हजर राहण्यात गेली. हा प्रश्न मला वेगवेगळ्या गावांत इतक्या वेळा भेटला आहे की त्याचे उत्तर दोन ओळींत देणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे. एका ग्रामसभेने केलेल्या ठरावाचा फेरविचार पुढच्या ग्रामसभेला करता येतो, मात्र तो विषय विषयपत्रिकेवर रीतसर आलेला असला पाहिजे आणि काम हाताबाहेर गेलेले नसले पाहिजे. कार्यारंभ आदेश निघून, पाया खोदून, पहिले देयक अदा झाल्यानंतर केलेला फेरविचार कागदावर बरोबर असला तरी प्रत्यक्षात फार काही बदलू शकत नाही. म्हणून ताईंनी सर्वप्रथम काम नेमके कोणत्या टप्प्यावर आहे, म्हणजे तांत्रिक मान्यता झाली आहे का, प्रशासकीय मान्यता झाली आहे का, निविदा निघाली आहे का, हे ग्रामपंचायत कार्यालयात आणि पाणीपुरवठा उपविभागात विचारून घ्यावे.

त्याचबरोबर कागद मागवावेत. मूळ सभेची नोटीस, विषयपत्रिका, त्या दिवशीची हजेरी, सभा तहकूब केल्याची नोंद आणि तहकूब सभेचे इतिवृत्त अशा पाच गोष्टींच्या प्रती माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये अर्ज केल्यास सर्वसाधारणपणे 30 दिवसांत मिळायला हव्यात. या प्रती हातात आल्याशिवाय सभेत जाऊन वाद घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे ग्रामसभेतले बहुतेक वाद ‘असे ठरलेच नव्हते’ आणि ‘असेच ठरले होते’ या दोन वाक्यांत अडकतात, आणि ज्याच्या हातात इतिवृत्ताची प्रत असते त्याच्याशीच चर्चा पुढे सरकते.

आता तहकूब सभेविषयी, कारण माझ्या मते महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांचा आवाज याच एका वळणावर हरवतो. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी धरली जाते. चौदाशे मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 210 होतात, पण तिथे 100 जण पुरेसे असतात. पाचशे मतदारांच्या गावात 75 जण आले तरी सभा वैध ठरते. अट खरे तर सोपी आहे आणि तरीही ती पूर्ण होत नाही. सभा तहकूब झाली की नंतरच्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्या सभेत नवा विषय घेता येत नाही, फक्त मूळ विषयपत्रिकेवरचे विषय घेता येतात, एवढेच बंधन उरते. म्हणजे टाकीची जागा हा विषय मूळ नोटिशीत असेल तर तहकूब सभेतला ठराव केवळ माणसे कमी होती म्हणून बेकायदेशीर ठरत नाही. तो विषय मूळ नोटिशीत नसेल, किंवा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीखाली तहकूब सभेत घुसवला असेल, तर मात्र आक्षेपाला भक्कम आधार आहे. त्यासाठीच विषयपत्रिकेची प्रत आधी मागवायची.

ही तरतूद वाईट हेतूने केलेली नाही. गणपूर्तीअभावी गावाचे कामच अडून राहू नये, हा तिचा उद्देश आहे. पण काही गावांत तिचा सरावच पडला आहे. पहिल्या सभेला कोणी येत नाही हे गृहीत धरून ती अर्ध्या तासात तहकूब करायची आणि खरे कामकाज पुढच्या सभेत उरकायचे. लोकांनाही ते माहीत असते, त्यामुळे पहिल्या सभेला जाण्यात त्यांना अर्थ वाटत नाही आणि दुसरीची तारीख त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हे चक्र तोडण्याचा उपाय मूळ सभेतच आहे. तुमच्या वाडीने मूळ सभेची गणपूर्ती भरून काढली, तर तहकूब सभेचा प्रश्नच उद्भवत नाही. शंभर माणसांपैकी चाळीस-पन्नास दोन वाड्यांवरून येणे अशक्य नाही, फक्त सभा कधी आहे हे त्यांना वेळेवर कळले पाहिजे आणि सभेची वेळ मजुरीवर जाणाऱ्यांना जमणारी असली पाहिजे.

नोटिशीबाबत नियम स्पष्ट आहे. साध्या ग्रामसभेची सूचना 7 दिवस आधी आणि विशेष ग्रामसभेची 4 दिवस आधी द्यायची असते, ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे आणि गावात दवंडी दिली गेली पाहिजे. दवंडी म्हणजे गावठाणातल्या पारापुरती दवंडी नव्हे. वाडी ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर दवंडी वाडीवरही झाली पाहिजे. हल्ली गावाच्या व्हॉट्सॲप गटावर नोटिशीचा फोटो टाकला की काम झाले असे समजले जाते. तो टाकावा, त्याने उपयोगच होतो. परंतु वाडीवरच्या ज्या बाईच्या हातात फोन नसतो, किंवा असलेला फोन मुलाच्या शिक्षणासाठी आणि नवऱ्याच्या खिशात असतो, तिच्यापर्यंत ही सूचना जात नाही, आणि पाण्याचा हंडा तर तिच्याच डोक्यावर असतो. म्हणून नोटीस वाडीच्या अंगणवाडीच्या भिंतीवरही लावावी, अशी लेखी मागणी करा. ती मान्य न करण्याचे कोणतेही कारण ग्रामपंचायतीकडे नाही.

कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा आपल्याकडे रूढ झाल्या आहेत. सभा घेण्यात कसूर झाल्यास सरपंचाचे पद आणि सचिवाची, म्हणजे ग्रामसेवकाची, नोकरी दोन्ही अडचणीत येऊ शकतात, त्यामुळे सभा ‘घेतल्या’ जातातच. त्या कशा घेतल्या जातात हे गावाने पाहायचे असते. राष्ट्रीय सणाच्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर लगेच सभा सुरू होते. मुलांचे कार्यक्रम, बक्षिसे, खाऊ यांत सकाळ निघून जाते आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यापलीकडे लोकांचे लक्ष टिकत नाही. पाण्याच्या टाकीसारखा विषय असेल तेव्हा मी नेहमी स्वतंत्र विशेष ग्रामसभा, संध्याकाळची वेळ आणि एकच विषय असा सल्ला देत आलो आहे.

फेरविचाराचा अर्ज कसा द्यावा, हेही सांगतो. अर्ज सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, या दोघांच्या नावे करावा. त्यात आधीच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहावी, वाड्यांवरच्या मतदारांच्या सह्या किंवा अंगठे मतदार यादीतल्या अनुक्रमांकासह घ्यावेत, आणि विशेष ग्रामसभा बोलावून विषयपत्रिकेवर कोणता विषय घ्यायचा ते शब्दशः लिहून द्यावे. अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि एक पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यांना द्यावी. तक्रारीचा सूर नको. आम्हांला कळले नव्हते, आमचे म्हणणे ऐकून निर्णय व्हावा, एवढेच म्हणणे पुरेसे असते. या भाषेत लिहिलेल्या अर्जावर सरपंचांना मान न गमावता सभा बोलावता येते, आणि गावात राहायचे असेल तर याचे मोल मोठे आहे.

येथवर कायद्याची बाजू झाली. पण ताईंनी विचारला नसलेला एक प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा असे मला वाटते. टाकी वाडीवर हवी आहे, की पाणी वाडीवर हवे आहे? टाकीची जागा उंचीवर ठरते. टाकी गावातल्या सर्वांत उंच सोयीच्या जागी असली तरच पाणी स्वतःच्या दाबाने सगळीकडे जाते. गावठाण टेकाडावर आणि वाड्या उतारावर असतील, तर टाकी गावठाणात असणेच वाडीच्या हिताचे असू शकते. वाड्या उंचावर असतील, तर गावठाणातल्या टाकीतून तिथे पाणी चढणार नाही आणि तेव्हा ताईंची मागणी तांत्रिकदृष्ट्याही बरोबर ठरते. हा निर्णय घोषणांनी होत नाही. त्यासाठी अभियंत्याने घेतलेल्या उंचीच्या पातळ्या सभेपुढे ठेवाव्या लागतात. मी एका डोंगराळ तालुक्यात पाहिलेल्या ग्रामसभेत शाखा अभियंत्याने शाळेच्या फळ्यावर विहीर, गावठाण आणि वाडी यांची उंची खडूने आडव्या रेषांनी काढून दाखवली. तासभर चाललेली वादावादी त्या तीन रेषांनी थांबली. वाडी सर्वांत उंचावर निघाली, आणि गावठाणातल्याच एका वयस्कर गृहस्थांनी, जे तोवर वाडीच्या विरोधात बोलत होते, टाकी वर नेण्याची सूचना मांडली. माहिती समोर आल्यावर माणसे आपले मत बदलतात, यावर माझा विश्वास अशा सभांतूनच बसला आहे.

जलजीवन मिशनच्या योजनेत माणशी दररोज 55 लिटर पाणी घरातल्या नळाने देणे अपेक्षित आहे. गावाच्या कृती आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते, आणि गावाच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असे मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा सभेत पुढील गोष्टी विचाराव्यात: मंजूर अंदाजपत्रकात वाड्यांपर्यंतची जलवाहिनी धरली आहे का, किती व्यासाची आणि किती लांबीची धरली आहे, वाड्यांतली किती घरे नळजोडणीच्या यादीत आहेत, आणि शेवटच्या घराला किती वेळ पाणी मिळेल असे गणित केले आहे. टाकी हे डोळ्यांना दिसणारे काम असते, तिच्यावर नाव रंगवता येते, म्हणून सगळा वाद टाकीभोवती फिरतो. वाडी मात्र तहानलेली राहते ती बहुतेकदा जमिनीखालच्या, अंदाजपत्रकातून वगळलेल्या नळीमुळे.

आणखी एक गोष्ट टाकीच्या जागेची. कोणी तरी मोठ्या मनाने ‘माझ्या रानातली जागा घ्या’ म्हणतो, सभा टाळ्या वाजवते, ठराव होतो. पुढे भावाभावांत वाटणी होते किंवा जमीन विकली जाते आणि टाकीला कुलूप लागते. ज्या जागेवर सार्वजनिक काम करायचे ती जागा नोंदणीकृत बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीच्या नावे झाली पाहिजे आणि सातबारावर तशी नोंद लागली पाहिजे. तोवर काम सुरू करू नये.

आता ठरावाच्या शब्दांकडे वळतो, कारण दप्तर तपासणीत मला सर्वांत जास्त दुःख तिथे झाले आहे. नेहमीचा ठराव साधारण असा असतो: ‘पाण्याच्या टाकीबाबत सविस्तर चर्चा होऊन टाकी गावठाणात योग्य त्या ठिकाणी बांधण्यात यावी असे सर्वानुमते ठरले.’ खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे. या वाक्यात चर्चा काय झाली ते नाही, योग्य ठिकाण कोणते ते नाही, ते कोण ठरवणार ते नाही, वाड्यांचा उल्लेख नाही, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार ते नाही, काम कधी पूर्ण होणार ते नाही. असा ठराव कोणालाच बांधून ठेवत नाही आणि म्हणूनच तो सगळ्यांना चालतो.

त्याऐवजी ठरावात गट क्रमांक लिहावा आणि त्या गटातले टाकीसाठीचे क्षेत्र लिहावे. जागामालकाने बक्षीसपत्र नोंदवून दिल्यावरच काम सुरू करावे, असे लिहावे. दोन्ही वाड्यांपर्यंतची जलवाहिनी आणि तेथील सर्व घरांच्या नळजोडण्या याच अंदाजपत्रकात आणि याच टप्प्यात पूर्ण कराव्यात, वाड्यांना प्रत्यक्ष पाणी मिळू लागल्याची खात्री पाणी समितीने केल्याशिवाय ग्रामपंचायतीने योजना हस्तांतरित करून घेऊ नये, आणि प्रगतीचा अहवाल पुढच्या प्रत्येक ग्रामसभेत ग्रामसेवकांनी वाचून दाखवावा, असेही लिहावे. ज्यांचा विरोध होता त्यांचा विरोध नावानिशी आणि कारणासह नोंदवावा. ‘सर्वानुमते’ हा शब्द खरोखर सर्वांची मान्यता असेल तेव्हाच वापरावा. एरवी बाजूने किती आणि विरोधात किती, हे मोजून आकड्यांत लिहावे. हे सगळे सभा सुरू असतानाच लिहून, वाचून दाखवून, मगच सभा संपवावी. इतिवृत्त नंतर सावकाश लिहिण्याची पद्धत आणि सह्यांच्या वर मोकळी जागा सोडण्याची पद्धत या दोन्ही बंद झाल्या तर निम्म्या तक्रारी आपोआप संपतील. हजेरीवर सही करायला लोक घाबरतात, कारण आपली सही ठरावाला जोडली जाईल अशी त्यांना धास्ती असते. हजेरीची सही हजेरीपुरतीच असते, हे सभेच्या सुरुवातीला मोठ्याने सांगितले पाहिजे, आणि ती सही सभेच्या जागीच घेतली पाहिजे, दुसऱ्या दिवशी घरोघर वही फिरवून नव्हे.

महिलांची सभा हा दुसरा मोठा आधार आहे. ग्रामसभेपूर्वी महिला ग्रामसभा घ्यायची असते आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवायच्या असतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी बचत गटाच्या बैठकीचीच हजेरी महिला सभेच्या नावे लावली जाते. ताईंनी ही सभा शक्यतो वाडीवर घेण्याचा आग्रह धरावा. एकत्र सभेत गावातली वडीलधारी मंडळी, सासरे, दीर समोर बसलेले असताना सुना बोलत नाहीत. महिला सभेत त्याच सुना कोणता हातपंप कोणत्या महिन्यात आटतो ते तारखेनिशी सांगतात. ती माहिती लेखी शिफारस म्हणून ग्रामसभेत आली की कोणा एकीला उभे राहून भांडावे लागत नाही. अध्यक्षांना ती वाचावी लागते आणि तिच्यावर काय ठरले ते लिहावे लागते.

हात वर करून मतदान घ्यावे का, असेही पुष्कळजण विचारतात. माझा अनुभव असा की ज्या विषयात एक माणूस दुसऱ्याच्या मजुरीवर, उधारीवर किंवा जाण्यायेण्याच्या वाटेवर अवलंबून असतो, त्या विषयात वर गेलेले हात फारसे काही सांगत नाहीत. दारूच्या दुकानाबाबत आपल्याकडे गुप्त मतदानाची व्यवस्था आहे ती याच कारणासाठी. एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान होते, आणि दुकान बंद होण्यासाठी एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. या एका अटीमुळे काही गावांत बंदीच्या बाजूने भरघोस मते पडूनही दुकान चालू राहते. अशा वेळी जाहीर सभेपेक्षा घरोघर जाऊन प्रत्येकीला मतदानाला आणणे हेच खरे काम असते.

सर्वसहमतीची वाट ज्यांना समजून घ्यायची आहे त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाचा अभ्यास करावा. ‘दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. तिथे निर्णय बहुमताने होत नाही. एखाद्याला मान्य नसेल तर विषय पुढे ढकलला जातो, आणि सभेच्या आधी अभ्यास गटात त्या विषयाची माहिती गोळा करून तिच्यावर बोलणे होते. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे यश पुष्कळांना ठाऊक असते. त्यामागे वर्षानुवर्षे चाललेला अभ्यास गट होता, हे फारसे सांगितले जात नाही. मोठ्या, अनेक जातींच्या आणि पक्षांच्या गावात सर्वसहमती जशीच्या तशी चालेल असे मी म्हणणार नाही. तिथे ती कधी कधी दुबळ्याला गप्प बसवण्याचे साधन होते. पण सभेआधी अभ्यास, ही गोष्ट कोणत्याही गावाने घ्यावी.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने तेच पाण्याबाबत केले. पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले त्यानंतरच्या काळात त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांबरोबर शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा आणि उसासारखी पाणी पिणारी पिके न घेण्याचा निर्णय केला. पावसाची नोंद, विहिरींच्या पातळ्या आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेजाऱ्याने कूपनलिका घेऊ नये असे सांगणारा कोणताही ठराव नुसत्या बळावर टिकला नसता. ताळेबंद सगळ्यांच्या समोर मांडलेला असल्याने तो टिकला.

ठराव कोणत्या बाबतीत बांधील आणि कोणत्या बाबतीत केवळ शिफारस असतो, हे समजून घेणेही आवश्यक आहे. ग्रामनिधीतला खर्च, विकास आराखडा, लाभार्थ्यांची निवड यांत ग्रामसभेचा शब्द वजनदार असतो. राज्य मार्ग, बसची फेरी, शाळेतला शिक्षक अशा विषयांवरचा ठराव संबंधित खात्याकडे मागणी म्हणून जातो. तो फेटाळला गेला तर ग्रामसभेचा अपमान झाला असे मानू नये, पाठपुरावा करावा. काही कायद्यांत ग्रामसभेचे स्थान फार वरचे आहे. वनहक्कांच्या दाव्यांवर बसणाऱ्या ग्रामसभेला किमान निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. आपल्या नेहमीच्या गणपूर्तीशी याची तुलना करून पाहावी. ओडिशातल्या नियामगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये तिथल्या ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात 12 च्या 12 ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पुढे केंद्रानेही त्या खाणीला परवानगी नाकारली.

उलट बाजूने, कोणत्याही कुटुंबाला पाणी बंद करणे, किराणा न देणे, एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसांना गावात व्यवहार करू न देणे असे ठराव ग्रामसभेच्या अधिकारातच नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा स्वतंत्र कायदा आहे आणि अशा ठरावावर सही करणारा, त्याला सूचक-अनुमोदक होणारा प्रत्येकजण अडचणीत येतो. सगळे गाव एका बाजूला आहे म्हणून अन्याय कायदेशीर होत नाही, हे ग्रामसेवकाने सभेत उभे राहून स्पष्ट सांगितले पाहिजे. ते त्याचे कर्तव्यच आहे. गावाच्या नैतिक ताकदीचा सुंदर वापर पाहायचा असेल तर शिरोळ तालुक्यातील हेरवाडचा ठराव पाहावा. मे 2022 मध्ये त्या गावाने पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचे ठरवले आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. असा ठराव कोणावर सक्ती करत नाही. पण दुःखाच्या त्या घडीला एखादी बाई किंवा तिची मुलगी ‘आमच्या गावाने असे ठरवले आहे’ म्हणू शकते, आणि तेवढ्याने एक जीव अपमानातून वाचतो.

पैशाविषयी थोडे. 2021-22 पासून पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता आणि 40 टक्के गावाच्या इतर गरजांसाठी. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. गावाचा आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. वाडीवरच्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तो उघडून, वाडीच्या नावावर गेल्या काही वर्षांत कोणती कामे दाखवली आहेत याची यादी करून सभेत वाचली, तर त्याचा परिणाम दहा भाषणांपेक्षा अधिक होतो. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, म्हणून जलवाहिनीचे काम या योजनेत बसले नाही तर त्याची मागणी त्या सभेत, आराखड्यात नाव येईल अशा शब्दांत झाली पाहिजे. फेब्रुवारीत, निधी वाटून झाल्यावर केलेली मागणी पुढच्या वर्षावर जाते.

फेरविचाराची ही सगळी प्रक्रिया व्हायला काही महिने जातील आणि मधल्या काळात उन्हाळा येईल. म्हणून वाडीच्या टंचाईचा विषय टाकीच्या वादापासून वेगळा ठेवावा. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत टंचाईचा ठराव करून घ्यावा आणि टँकरची किंवा जवळची खासगी विहीर अधिग्रहित करण्याची मागणी पंचायत समितीकडे पाठवावी. त्यावर गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी होते. त्या पाहणीच्या दिवशी वाडीवरच्या महिलांनी कामाला न जाता घरी थांबावे, आणि कोणत्या घराला किती अंतरावरून पाणी आणावे लागते याची वही अधिकाऱ्यांच्या हातात द्यावी. हीच वही पुढे टाकीच्या ग्रामसभेतही वाचून दाखवता येईल.